फोटोच्या कॉपीराइटची नोटीस आली, तर

साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या फुलांचा फोटो गूगलवरून उचलून होमस्टेच्या वेबसाइटवर टाकलेला असतो. वर्ष-दोन वर्षांनी ईमेल येतो: कॉपीराइटचा भंग झाला आहे, अमुक दिवसांत एवढे पैसे भरा. धसका घेऊन लगेच पैसे भरू नका आणि ईमेल डिलीटही करू नका.

‘पुरावा इथे पाहा’ अशी लिंक असेल तर उघडू नका. अशा लिंकमधून व्हायरस पाठवतात. पाठवणाऱ्याचा संपर्क स्वतः शोधून खात्री करा.

नोटीस खरी निघाली तर काही पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात पानाचा पूर्ण पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे. मग फोटो काढा. हमखास घोळ होतो तो इथेच. वर्डप्रेसमध्ये (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) पानावरून फोटो काढला तरी मूळ फाइल मीडिया लायब्ररीत राहते आणि तिचा थेट पत्ता टाकला की उघडते. फाइल तिथूनही कायमची काढा आणि तोच पत्ता इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खासगी विंडोत) उघडून बघा. फेसबुक पेज आणि गूगलवरचं व्यवसायाचं प्रोफाइलही तपासा. फोटो काढल्याने मागचा दावा मिटत नाही, पण नोटिशीनंतरही तो तसाच ठेवला तर ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही.

आता फोटो आला कुठून ते शोधा. साइट बनवणाऱ्याचं बिल, व्हॉट्सअॅपवरची बोलणी, स्टॉक साइटची (तयार फोटो विकणाऱ्या वेबसाइटची) पावती, सगळं काढा. पैसे देऊन फोटोग्राफरकडून काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तुमचाच. क्रिएटिव्ह कॉमन्स ४.० चा (श्रेय देण्यासारख्या अटींवर मोफत वापरू देणाऱ्या परवान्याचा) फोटो असेल आणि फक्त श्रेय द्यायचं राहिलं असेल, तर चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली की परवाना पुन्हा लागू होतो. आधीच्या वापराचा दावा मात्र राहतो. ‘सौजन्य: इंटरनेट’ लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही.

मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या, फोनवर काही कबूल करू नका. एवढं पुरे:

‘आपला ईमेल मिळाला. आमचे सर्व हक्क राखून कळवतो की संबंधित फोटो काढला आहे. मूळ फाइल, मालकीचा पुरावा, मालकाने आपल्याला दिलेलं अधिकारपत्र आणि याच फोटोचा नेहमीचा परवाना दर पाठवावा.’

‘कॉपीराइटची नोंदणी दाखवा’ एवढ्यावर विसंबू नका, आपल्याकडे नोंदणी सक्तीची नाही. रकमेवर मात्र घासाघीस करता येते. भारतीय कायद्यात ‘एका फोटोला एवढे’ अशी ठरलेली भरपाई नाही. नोटिशीत ७५० ते ३०,००० डॉलरचे आकडे असतील तर ते अमेरिकन कायद्यातले. तसाच फोटो स्टॉक साइटवर केवढ्याला मिळतो ते पाहून, तो दर धरून बोला. फोटोवर हक्क आहे हे माहीत नव्हतं आणि तसं वाटायला कारणही नव्हतं, हे सिद्ध झालं तर त्याच कायद्याच्या कलम ५५ मध्ये तक्रारदाराला भरपाईऐवजी मनाई हुकूम आणि नफा किंवा त्यातला वाटा एवढंच मिळतं. ‘गूगलवर होता’ हे तिथे सहसा टिकत नाही.

वकिलाची नोटीस किंवा समन्स आलं तर साताऱ्यातल्या वकिलाला सगळे कागद दाखवा. दावा तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही होऊ शकतो.

तडजोड झाली तर पैसे पाठवण्याआधी सहीचा कागद घ्या: कोणता फोटो, कोणती पानं, आजवरच्या वापराचे सर्व दावे मिटले. पैसे खात्यातच भरा आणि पावती जपून ठेवा.