मेंटेनरवर सरकारी दबाव आणि आपला ढिसाळपणा: या चुका टाळा

"कोड ओपन आहे, कोणीतरी बघितलाच असेल"

नाही बघितलेला. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड युटिल्स या ओपन सोर्स साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांमध्ये बॅकडोअर, म्हणजे आत शिरायची चोरवाट, होतं. ते जागं करणारी स्क्रिप्ट फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (सोर्सचं तयार गाठोडं) होती, गिटमध्ये (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणारी सिस्टीम) नव्हतीच. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच (दूरच्या मशीनवरचं) लॉगिन अर्धा सेकंद रेंगाळताना दिसलं, म्हणून सगळं उघडकीला आलं. त्यामागे कुठलं सरकार होतं, हे सिद्ध झालेलं नाही. पण थकलेल्या मेंटेनरच्या, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याच्या, मागे तगादा लावून नवा माणूस आत घुसवणं कोणत्याही सरकारला सहज परवडतं.

मी गिटमधल्या टॅगवरूनच (आवृत्तीची खूण) बिल्ड करतो. टारबॉल घ्यावाच लागला, तर आधी गिटशी डिफ, म्हणजे फरक तपासायचा. कॉन्फिगर फाइलमध्ये (बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) ढीगभर फरक दिसले की नवखे "हे असंच असतं" म्हणून पुढे जातात. अहो, तीच तर लपायची जागा! टारबॉलमधली ती फाइल सोडा आणि गिटमधल्या कोडवर ऑटोरीकॉन्फ (ती फाइल बनवणारी कमांड) चालवून स्वतः बनवा.

"आमचा मेंटेनर सज्जन आहे"

असेल. प्रश्न तो नाहीच. २०१५ मध्ये शॅडोसॉक्स या चिनी सेन्सॉरशिप चुकवणाऱ्या साधनाच्या लेखकाकडे चिनी पोलीस आले आणि त्याला कोड काढून टाकावा लागला. त्याला निदान तसं जाहीर लिहिता तरी आलं. ऑस्ट्रेलियाच्या २०१८ च्या कायद्याखाली सरकारी यंत्रणांना मदत करण्याची नोटीस आली, तर ती आल्याचं सांगणंसुद्धा गुन्हा ठरू शकतो. मग "तुमच्यावर दबाव आहे का?" असं विचारून काय हाती लागणार?

एका प्रोजेक्टात रिलीजवर डिजिटल सही करायची चावी एकाच माणसाकडे होती. दुसरी सही सक्तीची करा म्हटलं, तर पोरं म्हणाली, रिलीजला उशीर होईल. पुढे त्या माणसाला कुठल्याशा कार्यालयातून बोलावणं आलं आणि तो गप्पच झाला. शेवटचं रिलीज खरं की खोटं? दोन मशीनवर बिल्ड केलं, तर हॅश (फाइलचे डिजिटल ठसे) जुळेनात. सगळे एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. शेवटी निघालं काय, तर बायनरीत (तयार प्रोग्रामच्या फाइलीत) बिल्डची वेळ आणि फोल्डरचा पाथ शिरत होता. सोर्स डेट ईपॉक (बिल्डची वेळ ठरवून देणारं सेटिंग) आणि पाथ पक्के केले, हॅश जुळले. हे आधीच केलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं.

दोन सह्या, त्याही शक्यतो दोन देशांतल्या माणसांच्या, आणि कोणालाही तंतोतंत जुळवता येईल असं बिल्ड. मग एकट्याला धमकावून गुपचूप काही घुसडणं फार अवघड जातं.

बाकीच्या, थोडक्यात

वॉरंट कॅनरी, म्हणजे "आम्हाला गुप्त सरकारी आदेश आलेला नाही" असं ठराविक काळाने नव्याने लिहायचं निवेदन, लावून विसरू नका. ती वेळेवर बदलली का, हे बघणारा कोणी नसेल तर ती शोभेची.

पॅचआधी त्रुटीचा तपशील दहा जणांना पाठवू नका. त्यातला एखादा चीनमधला निघू शकतो आणि तिथे सप्टेंबर २०२१ पासून उत्पादकांना त्रुटी ४८ तासांत सरकारला कळवावी लागते.

प्रत्येक मॉड्यूलला दुसरा मेंटेनर ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्बंधांमुळे लिनक्स कर्नलच्या यादीतून रशियाशी संबंधित काही मेंटेनरांची नावं एका पॅचने उडाली. तुमच्याकडे असं झालं, तर दुसऱ्या दिवशी पॅच कोण बघणार?