मल्लखांबवाल्या पोराचं खाणं कमी झालंय? मग हे करा
आमच्या रत्नागिरीकडच्या मल्लखांब खेळणाऱ्या पोरांसाठी लिहितोय, जिम्नॅस्टिक्स नि बॉडीबिल्डिंगवाल्यांनी पण वाचा. खांबावर पोरगा नुसत्या लंगोटावर असतो, पोट मांड्या सगळ्यांसमोर, त्यात कोणतरी बोलतं "काय रे, सुटलायस" आणि ते डोक्यातून जात नाय. मी चौदाव्या वर्षी ऐकलं आणि महिनाभर डब्यातली भाकरी कुत्र्याला घातली, घरी सांगायचो खाल्ली म्हणून.

म्हणून आधी सगळ्यांसमोर वजन करणं बंद करा. करायचंच तर एकट्याला बाजूला घेऊन, आणि वहीत उंची पण लिहा. 13-14 च्या आसपास मुलगे भराभर उंच होतात, वजन वाढणारच, हातपाय लांब झाले की काल जमलेली फिरकी आज जमत नाय, त्यात त्याच्या वजनाचा काय दोष? उंची वाढतेय आणि वजन अडकलंय किंवा उतरतंय, तेव्हा काळजी करायची.

पोरगा स्वतःहून सांगणार नाय. मुलींची पाळी थांबली की निदान कळतं, मुलग्यांचं टेस्टोस्टेरॉन आतल्या आत घसरतं आणि बाहेर दिसते फक्त सारखी सर्दी, चिडचिड, थकवा, विश्रांती घेऊनही न जाणारी नडगीची दुखी. खेळाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर असं बिघडतं, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक कमिटीने 2014 मध्ये ह्याला रेड-एस (RED-S) नाव दिलं, त्यात मुलगे पण धरलेत.

बोलायचं कसं? आईने ताटावर "खा रे खा रे" करू नये, तो अजून लपवेल. दादाने किंवा काकाने समुद्रावर चालता चालता विचारावं, "हल्ली दमलेला दिसतोस, काय होतंय?" वजनाचा विषय आपण काढायचा नाय, तो बोलेल ते ऐकायचं.

सरावाच्या दीड-दोन तास आधी पेज नायतर घावणे, नंतर भात, कुळथाची पिठी, बांगडा किंवा अंडं. उपाशी पोराला खांबावर चढवूच नका, उलटं असताना चक्कर आली तर मानेवर पडेल. आणि स्पर्धेआधी वजन उतरवायला पाणी पिणं तोडायला कुणी शिकवलं तर सरळ नाय म्हणा, 1997 मध्ये अमेरिकेत कॉलेजचे 3 कुस्तीगीर वजन उतरवताना मेलेत.

नडगी दुखतेय किंवा चक्कर येतेय तर डॉक्टरकडे न्या आणि तो किती खातो ते खरं सांगा. डॉक्टरांनी खेळ थांबवला तरी त्याला घरी बसवू नका, तालमीत येऊ दे, खांबाला एरंडेल लावू दे, लहान पोरांना धरू दे.