लंबर पॅक घसरतोय? या चुका टाळा

लंबर पॅक म्हणजे ट्रेकला कमरेला पट्ट्याने बांधायची पिशवी. 'पॅक सारखा घसरतो' अशी तक्रार आली की मी आधी पट्टा कुठे बांधलाय ते बघतो. जवळजवळ दर वेळी तो पोटावर असतो. पोट मऊ, तिथे भार टेकणार कशावर? कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागतं ते हाड पट्ट्याखाली यायला हवं, आणि पिशवी पाठीच्या खालच्या खोलगट भागात बसायला हवी. रिकामा पॅक आरशासमोर लावून 'छान बसला' म्हणणाऱ्यांपुढे तर मी हात टेकलेत. आधी सामान भरा. मी जरा पुढे वाकतो, पॅक पाठीशी दाबतो, बकल लावतो आणि मग बाजूचे पट्टे ओढतो. दहा मिनिटं चाललं की सामान खाली बसतं, तेव्हा पुन्हा आवळतो. जाकीट काढलं तरी पुन्हा.

दुसरी चूक मी स्वतः केलेली. एका रात्रीच्या मुक्कामासाठी आठ लिटरच्या पॅकला खाली मॅट बांधली, वर स्लीपिंग बॅग, बाजूला पातेलं. चढ निभावला. उतारावर मात्र मॅट दर पावलाला मांड्यांवर आपटायला लागली, पातेलं डोलायला लागलं आणि सगळा डोलारा खाली सरकायला लागला. पट्टा आवळला की पोटात कळ, सैल केला की घसरण. शेवटी पॅक छातीशी धरून उतरलो. पाय कुठे पडतोय तेच दिसेना, मग खडीवर सपशेल बसलो!

तेव्हापासून तंबू-अंथरूण दुसऱ्या कुणाच्या सॅकमध्ये जात असेल, तरच मुक्कामाला लंबर पॅक नेतो. आणि वजन चार किलोच्या आत. दोन लिटर पाणी म्हणजे त्यातले दोन किलो तिथेच गेले. खांद्याचे जोडपट्टे लावून जास्त वजन कोंबायची पळवाट मला पटत नाही. तेवढं न्यायचंच असेल तर सरळ सॅक घ्या.

बाटल्या दोन असतील तर दोन्हींतून आलटून पालटून प्या, नाहीतर पॅक एका बाजूला कलतो.

जड वस्तू पाठीला लागून, हलक्या बाहेर.

चेनवर भरवसा ठेवून फोन भिजवू नका, प्लास्टिकची पिशवी वापरा.

बसण्याआधी पॅक काढा. माझा गॉगल असाच गेला.