संप्रेरकं, नसा आणि प्रतिकारशक्ती यांची बोलणी पुन्हा कशी जुळवावीत

तापात अंग मोडून येतं, अन्नावरची वासना उडते, नुसतं पडून राहावंसं वाटतं. हे सगळं जंतू करत नाहीत. प्रतिकारक पेशी सायटोकाइन्स नावाची निरोप्या रसायनं सोडून मेंदूला कळवतात, ‘आता पडून राहा.’ उलट दिशेचा निरोप कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक नेतं: ‘दाह आवरा.’ ताण महिनोन्‌महिने राहिला की पेशी या निरोपाकडे कानाडोळा करू लागतात. म्हणून कॉर्टिसॉल नुसतं ‘कमी करून’ भागत नाही, त्याचा रोजचा चढउतार परत बसवावा लागतो.

सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करा. झोप ठरवून येत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल शिगेला पोचतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. वेळ एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा (नेमकं इथेच सगळे घसरतात). उठल्यावर 15-20 मिनिटं बाहेरच्या उजेडात जा. आभाळ भरलेलं असलं तरी तो उजेड खोलीतल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो.

झोप किमान 7 तास हवी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांच्या 2009 च्या प्रयोगात स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले होते. 7 तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता 8 तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाली. कॉफी दुपारनंतर नको.

आता मनगटावर बोटं ठेवून नाडी बघा. श्वास घेताना ती किंचित धावते, सोडताना मंदावते. हा लगाम मेंदूतून हृदयाकडे आणि पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेचा. 4 आकडे मोजत श्वास घ्या, 6 मोजत सोडा, रोज पाच मिनिटं. पहिल्या दिवशी घुसमटल्यासारखं झालं तर आकडे कमी करा, ओढाताण नको.

आठवड्याला 150 मिनिटं भरभर चाला.

‘अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या) थकल्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. वैद्यकशास्त्र असा आजार मानत नाही. विनाकारण वजन बदलणं, सकाळी सांधे आखडणं किंवा न हटणारा थकवा असेल तर डॉक्टरांकडे जा. काही आठवडे स्टेरॉइडच्या (कॉर्टिसॉलसारखं काम करणाऱ्या) गोळ्या घेत असाल तर त्या मनानेच एकदम बंद करू नका. तोवर तुमच्या ग्रंथींनी स्वतःचं काम थांबवलेलं असू शकतं आणि ते पुन्हा सुरू व्हायला कधी कधी महिने लागतात.