भाताला कोंबडी खत: कुजवा, मोजून टाका, युरिया कमी करा

कोंबडी खत शेणखताच्या मापाने ओतलं की भात लोळलाच म्हणून समजा. शेणखतात नत्र (नायट्रोजन) जेमतेम अर्धा टक्का. वाळलेल्या कोंबडी खतात तीन टक्क्यांच्या आसपास, शिवाय स्फुरदही (फॉस्फरस) भरपूर.

सातारा-सांगलीतल्या पाटण-शिराळ्याकडे मेअखेरीस धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत) असते, त्यामुळे खत मार्चमध्येच आणून ठेवा. ब्रॉयलर शेडच्या गादीत (जमिनीवरचा विष्ठा मिसळलेला थर) तूस असतोच, ती तशीच रचता येते. पिंजऱ्याखालची निव्वळ विष्ठा असेल तर टनाला 250-300 किलो उसाचं पाचट बारीक करून मिसळा. नाहीतर ढीग आतून चिकट होतो आणि नत्र अमोनिया होऊन उडून जातं. मेलेल्या कोंबड्या असलेला माल फुकटही घेऊ नका. कुत्री ढीग उकरतात, रोगाची भीती वेगळीच.

ढीग कंबरेएवढा, सावलीत. ओल इतकीच की मूठ आवळल्यावर हात ओलसर व्हावा, थेंब गळू नये. चार दिवसांनी लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. हाताला धरवत नसेल तर कुजणं नीट चाललंय. दर 10-12 दिवसांनी पालथा घाला. वळवाचं चिन्ह दिसलं की ताडपत्री टाका. दीड-दोन महिन्यांत डोळ्यांत झोंबणारा वास जातो, पालथा घालूनही ढीग तापत नाही. तेव्हा खत तयार.

मात्रा गुंठ्याला 25 किलो, म्हणजे एकरी एक टन. धूळवाफेला शेवटच्या कुळवाआधी, लावणीच्या भाताला शेवटच्या चिखलणीआधी पसरा आणि त्याच दिवशी मातीत मिसळा. वर राहिलेलं खत पहिल्या जोरदार पावसात ओढ्याला जातं. तरव्यात (रोपवाटिकेत) कच्चं खत अजिबात नको, कोवळं रोप जळतं.

खरी चूक होते ती रासायनिक खतात. सुधारित भाताला एकरी 40 किलो नत्र, 20 स्फुरद, 20 पालाश (पोटॅश) लागतं. टनभर कुजलेल्या खतातून पहिल्या हंगामात साधारण 10 किलो नत्र मिळतं. तेवढ्यासाठी 20-22 किलो युरिया पहिल्या हप्त्यातून वगळा. सुपर फॉस्फेट निम्मं पुरतं.

पानं काळपट हिरवी होऊन लोंबायला लागली तर पुढचा युरिया थांबवा. अशा भातावर करपा रोग आणि तुडतुडे ही कीड आधी येते. चिखलातून बुडबुडे, सडक्या अंड्याचा वास आणि उपटल्यावर काळी मुळं दिसली तर खत कच्चं गेलंय. खाचरातलं पाणी काढा, बारीक भेगा पडेपर्यंत सुकू द्या, मगच पुन्हा पाणी भरा.