पक्षिचित्र खरोखर हाताने रंगवलेले आहे का, हे कसे ओळखावे

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी फेरी मारताना कधीतरी एखादे चौकटीतले विलायती पक्षिचित्र समोर येते आणि ‘दीडशे वर्षांपूर्वीचे, हाताने रंगवलेले’ अशी त्याची ओळख करून दिली जाते. असे चित्र चौकटीतून काढून पाहिल्याशिवाय घेऊ नये. मी एकदा घेतले आणि घरी आल्यावर चित्रातल्या मोनाल पक्ष्याच्या पाठीमागे दिनदर्शिकेचा फेब्रुवारी निघाला.

घड्याळजीकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग पक्ष्याच्या पंखावर धरावे. निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके सारख्या अंतराने जुळलेले दिसले, तर ती ऑफसेटची, म्हणजे आधुनिक यंत्रावरची, छपाई समजावी. ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे आणि एकमेकांवर चढलेले असतील, तर बहुधा प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून केलेली रंगीत शिळाछपाई असते. ह्यूम आणि मार्शल यांच्या, भारतात शिकार होणाऱ्या पक्ष्यांवरील, १८७९ ते १८८१ या काळात निघालेल्या ग्रंथातली चित्रे या पद्धतीची आहेत आणि जुनी असली तरी ती हाताने रंगवलेली नव्हेत.

हाताने रंगवलेल्या शिळाछाप चित्रात छापलेली असते ती फक्त तेलकट खडूची काळी, दाणेदार रेघ. तिच्यावर जलरंग ठिपक्यांविना सपाट पसरलेला दिसतो, जिथे ओला रंग साचून सुकला तिथे गडद कड उमटते, आणि चोचीपाशी किंवा नखांपाशी तो रेघेबाहेर केसभर गेलेला असतो. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांच्या ग्रंथांसाठी रंगारी नमुन्याचे चित्र समोर ठेवून प्रती रंगवीत, त्यामुळे दोन प्रतींत थोडा फरक असणारच. त्यांच्या हिमालयी पक्ष्यांवरील ८० चित्रांच्या पहिल्या ग्रंथात (१८३०-३२) सुरुवातीच्या प्रतींमधल्या फांद्या आणि खडक कोरेच ठेवले होते. तेव्हा फांदी रंगवलेली नाही म्हणून चित्राला अपुरे म्हणू नये. पुढे गुंजन पक्ष्यांच्या (हमिंगबर्ड) चित्रांत त्यांनी सोन्याच्या वर्खावर पारदर्शक रंग चढवून पिसांची झळाळी साधली. असे चित्र खिडकीपाशी नेऊन तिरपे करावे, म्हणजे गळ्यावरची चमक हलताना दिसते.

मूळ कोऱ्या छापावर अलीकडे रंग भरल्याची शंका असेल, तर घड्या आणि चिरा पाहाव्यात. कागद जीर्ण झाल्यावर लावलेला रंग चिरेच्या आत उतरतो. थुंकीचे बोट लावून परीक्षा करण्याची आपल्याकडची खोड येथे महागात पडते, कारण जुना जलरंग ओलाव्याने सुटतो.

पोटाची पांढरी पिसे काजळल्यासारखी दिसली, तरी बिचकू नये. शिसे असलेला पांढरा रंग हवेतल्या गंधकयुक्त वायूने काळवंडतो. तो घरी खरवडू नये. कागदाचे जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवावा.