कळपात एआरआर आणायचा तर मेंढा कसा निवडावा

आइसलंडमध्ये मेंढ्या माजावर येतात त्या डिसेंबरात. त्यामुळे नोव्हेंबर लागला की आमच्या उत्तर भागातल्या शेतकऱ्यांचा एकच प्रश्न असतो: यंदा कळपात कोणता मेंढा सोडू? मी मूळची फलटणची, पेशानं पशुवैद्य. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते.

प्रश्न स्क्रेपी या मेंढ्यांच्या मेंदूच्या रोगाचा आहे, आणि एआरआर हा त्याला सहजी दाद न देणारा जनुकप्रकार. 1878 साली बाहेरून आणलेल्या एका मेंढ्याबरोबर हा प्रायॉन रोग, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा रोग, इथे आला असं मानतात. मेंढी थरथरते, अंग घासते, चाल बिघडते. लक्षणं दिसेपर्यंत बहुधा दोन-तीन वर्षं जातात आणि औषध तर नाहीच. एका मेंढीत रोग सापडला की आख्खा कळप मारायचा, ही इथली जुनी रीत. 2023 साली मिद्फ्योर्दुरमध्ये तसे कळप गेले. आपल्या हातानं वाढवलेली, नावानं ओळखलेली जनावरं एका दिवसात जातात. हे टाळता येत असेल, तर त्यासाठी लागेल तितकी मेहनत करावी, असं मला मनापासून वाटतं.

आधी जनुक-तपासणीचा कागद वाचायला शिका. प्रायॉन प्रथिनाच्या जनुकात 136, 154 आणि 171 या तीन जागा बघायच्या. तिथे अनुक्रमे ए, आर, आर ही अक्षरं असतील तर प्रथिन सहजी बिघडत नाही. इथल्या बहुतेक मेंढ्या एआरक्यू आहेत, म्हणजे रोगाला बळी पडणाऱ्या. सर्वांत धोक्याचा प्रकार व्हीआरक्यू. प्रत्येक जनावराकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. म्हणून कागदावर दोन्ही बघा.

नमुना कानातून घेतात. नळीवरचा क्रमांक आणि बिल्ल्याचा क्रमांक तिथल्या तिथे जुळवून लिहा, घरी जाऊन नको.

आता निवड. आइसलंडच्या मेंढ्यांत एआरआर नाहीच अशी समजूत होती. जानेवारी 2022 मध्ये पूर्वेकडच्या थेर्नुनेस इथल्या सहा मेंढ्यांत तो सापडला. तिथले गिमस्टेन आणि गुल्मोली हे मेंढे मग कृत्रिम रेतनासाठी वापरले गेले. दोघांकडेही एआरआरची एकच प्रत, म्हणून त्यांची साधारण निम्मीच कोकरं एआरआरची वाहक. कोणती, ते रूपावरून कळत नाही. अशा मेंढ्याची जी कोकरं ठेवायची असतील, ती सगळी तपासा. दोन्ही प्रती एआरआर असलेला नर मिळाला तर प्रत्येक कोकरू वाहक, खर्च वाचला.

दोन प्रतींचा नर घडवायचा तर आई-बाप दोघेही वाहक हवेत. दोघांकडे एकेक प्रत असेल, तर चार कोकरांत एक दोन प्रतींचं निघण्याची आशा, मग ते नर असो वा मादी. इथे मी शेतकऱ्यांना थांबवते. सगळा एआरआर मोजक्या जनावरांतून आलेला, त्यामुळे दोन्ही बाजूंना तोच आजा निघतो. वंशावळ उघडा, आणि शक्य असेल तर एका बाजूला टी137, म्हणजे 137 या जागी टी अक्षर असलेला प्रकार, घ्या. हाही संरक्षण देणारा प्रकार, पण वेगळ्या घराण्यातला. एआरआर मेंढी आणि टी137 मेंढा यांच्या काही कोकरांना दोन्ही प्रती संरक्षक मिळतात, आणि रक्तही जवळचं होत नाही.

व्हीआरक्यू नर आधी काढा. चांगल्या एआरक्यू माद्या मात्र घाईनं विकू नका. दूध, मातृत्व, पाठीचं मांस हे गुण त्यांच्याकडेच आहेत. बदल नराकडून लवकर होतो, कारण त्याची कोकरं कितीतरी जास्त. फलटणला नारी सुवर्णा मेंढीत जुळ्यांचं जनुक आणलं, तेव्हाही दख्खनी मेंढीचा काटकपणा सोडला नव्हता.

दोन गोष्टी शेतकऱ्याला स्पष्ट सांगते. नॉर्वेत 1998 साली ओळखला गेलेला अटिपिकल, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या प्रकारचा, स्क्रेपी एआरआर मेंढ्यांनाही होऊ शकतो, म्हणून मेलेल्या मोठ्या मेंढीचा मेंदू तपासायला पाठवणं थांबवू नका. आणि रोगाचा अंश जमिनीत, गोठ्यात वर्षानुवर्षं टिकतो. संपूर्ण कळप वाहक होईपर्यंत बाहेरच्या मेंढ्या, जुना चारा, दुसऱ्याची कातरणीची यंत्रं आत आणताना पूर्वीइतकीच काळजी घ्या.

शेळ्या पाळणाऱ्यांनी ही माहिती वापरू नये. शेळीत बघायच्या जागा वेगळ्या, 146 आणि 222, तेव्हा नमुना शेळीचा आहे हे प्रयोगशाळेला आधीच कळवा.